सव्वीसचं अक्षर

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

झालं! जुनं विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं. जुनं सुरू व्हायला भात शिजेल एवढा वेळ घ्यायचं, वर रोज इशारा — आता यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. मग कशाला ठेवायचं?

रंजीता फोनवर म्हणे, "मावशी, घाई करू नको, दिवाळी झाली की वडशाला येते तेव्हा मी करून देते." भाची गुणी आहे, चंद्रपूरला पॉलिटेक्निकात शिकवते. पण मंडळासाठी टाईप केलेलं नाटक दिवाळीच्या आधी छापून व्हायला हवं. पेनड्राइव्ह तिनेच पाठवला होता, पायऱ्या कागदावर लिहून. इंग्रजी वाचता येतं मला. एक्याऐंशीची बी.ए. आहे.

एका जागी अडले. पासवर्ड मागितला. टाकते तर काहीच उमटत नाही — ठिपका नाही, फुली नाही! कीबोर्डची वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. शेवटी रंजीताला विचारलं. म्हणे, "दिसत नाही मावशी, पण आत जातं. लिही आणि एंटर दाब." लिहिलं. गेलं आत!

५ ऑक्टोबर, रविवार

नाटक गेलं.

म्हणजे फाईल आहे. उघडते. पण पानभर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. 'भाकर' हवी तिथे Hkkdj. तीन अंक, सगळे असेच. बारा वर्षांपूर्वी या दोन हातांनी टाईप केलेलं 'भावाने मोडली भाकर'.

आणि नेमकं आजच दादाजी आले. नाटक मंडळाचे मालक. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा, पहिला प्रयोग ठरला — चोवीस तारीख, सिंदेवाहीकडच्या एका गावी. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, पत्रूभाऊचं हे शेवटचंच साल समजा. मागच्या साली दोनदा जागा चुकला तो. हिरोईन पुण्याची, तिले कुठी काय येते? तालीम एकच. समोरून शब्द आला नाई तर ते उभीच. लोक शिट्ट्या मारून राह्यले होते!"

पत्रूभाऊ चव्वेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर आहेत. मंचापुढच्या खड्ड्यात बसून अख्खं नाटक नटांना पुरवायचं, वाक्यागणिक. ते बंद केलं तर तो माणूस करील काय? बायको गेली, मुलगा सुरतेला. मी म्हटलं, "चूक तुमच्या प्रतीची. मुंगीएवढं अक्षर, त्यावर पिवळा दिवा. मी सव्वीसच्या अक्षरात छापून देते. मग चुकले तर मला बोला."

"तुमी जिम्मा घेता?"

"घेते."

शब्द देऊन बसले. समोर उकिरडा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कारण सापडलं. कागदपत्रं सगळी पेनड्राइव्हवर उतरवली होती, फाँट उतरवला नव्हता! जुना फाँट, त्याच्याशिवाय मशीनला ती अक्षरं इंग्रजीच दिसतात. धान्य हलवलं आणि कणगी मागे ठेवली. स्वतःला चार शब्द सुनावले.

रंजीताच्या जुन्या मशीनवर तोच फाँट निघाला. तिने फोनवर पाठवला. कुठे ठेवायचा यात सकाळ गेली — म्हणे फोल्डरच्या नावाआधी टिंब, म्हणून ते दिसत नाही. या लिनक्सला लपवायची फार हौस. बंद केलं, चालू केलं, आणि — 'भाकर'!

बोटंही परत आली. त्र्याऐंशी साली मराठी टायपिंग चाळीसच्या गतीने पास झाले, कळा न बघता. तीच मांडणी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काही जोडाक्षरं मात्र फुटली आहेत. प्रत्येक पान तपासायला हवं. पत्रूभाऊंना बोलावलं. मूळ वही त्यांच्याकडेच असते, लाल कापडात बांधलेली. मी पडद्यावर अक्षर सव्वीसचं करून पान नंबरासकट मोठ्याने वाचायचं, त्यांनी वही मांडीवर घेऊन ताडायचं.

अकराला बसलो, चारला उठलो. पहिला अंक. माणूस कमालीचा सावकाश! दर पानाला, "बाई, हे पुन्हा एकडाव वाचा ना." मी म्हटलं, "झोपता का काय?" तर हसतात. "तुमचा आवाज कसा, तहसीलदारावानी. मनात बसते."

चौतीस वर्षं तहसीलमध्ये टायपिस्ट होते. तहसीलदार माझा आवाज ऐकून चष्मा लावायचा.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरा अंक. मी एक वाक्य गाळलं तर पत्रूभाऊंनी लगेच धरलं! "थांबा. इथी माय म्हणते, 'तुह्या ताटात माहा वाटा हाये का रे?' ते राह्यलं." बरोबर. माझ्यापेक्षा त्यांचं लक्ष जास्त.

डोळ्यांचं विचारलं. "मोतीबिंदू काढून का घेत नाही?" म्हणे, "मोतीबिंदू नाई बाई, दुसरंच काई हाये. डाक्टरनं थेंब देल्ले." मग टाका वेळेवर, म्हटलं. आळशीपणा नको.

१३ ऑक्टोबर

प्रिंटर ओळखतच नाही. लिनक्सला तो दिसतो, पण 'थांबलेला आहे' म्हणतं. कोण थांबलंय? मी तर इथे बसलेली आहे!

१५ ऑक्टोबर, बुधवार

प्रिंटर अजून थांबलेलाच. तिसरा अंक मात्र तपासून झाला. मग पत्रूभाऊ म्हणाले, पुन्हा सगळा वाचा. का? "भाकर मोडते तो सीन हाये, बाई. तिथं माणूस रडते. मले कुठी थांबायचं ते पाह्यजे." घसा बसला माझा, पण वाचला. आणि परवा परत येतो म्हणाले, आणखी एकदा.

त्या 'सीन'ला ते डोळे मिटून ऐकत होते. मी पाणी प्यायला थांबले तर पुढचं वाक्य ओठांत पुटपुटले. वही बंदच होती. ताडायचं कोणी मग? पण मी पुढचं पान काढलं. त्यांचा चेहरा फार शांत होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

प्रिंटर चालला! रंजीताने सांगितलेलं काहीच लागू पडलं नाही. मीच जुनी नोंद काढून टाकली, वायर दुसऱ्या भोकात खुपसली, नव्याने जोडलं. घुर्र करून पान बाहेर. फोन करून तिला सांगितलं तर म्हणे, "मावशी, आता तू माझ्या लॅबला ये शिकवायला." चेष्टा. पण आवडली.

अक्षर सव्वीस. एका पानावर दहा ओळी. पत्रूभाऊंच्या हातात एक पान दिलं. "बावन्नावं आहे, वाचा." त्यांनी विचारलं, "बावन्न का? सुनेचं बोलणं?" कागद हातभर लांब धरला आणि एका दमात वाचलं, ना अडखळले ना थांबले. दादाजींना बोलावून दाखवावंसं वाटलं! अक्षर मोठं हवं होतं, बस्स. इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दोन अंक छापून झाले आणि शाई संपली. पान फिकट, मग कोरं. आज दुकानं बंद.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दहाला पत्रूभाऊ. अकराला मंडळाची गाडी. शाईची वाट बघायला वेळ नाही. तिसरा अंक पेनड्राइव्हवर दिला — स्टेशनजवळ सुनिलचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म भरतो, छापूनही देतो. मी सोबत निघाले तर गुडघा उठू देईना.

"काऊन तरास घेता, बाई? मी छापून घेतो."

"पानं नीट बघून घ्या. क्रमाने लावा."

"पाह्यतो ना."

उंबऱ्याशी थांबून त्यांनी चप्पल पायाने चाचपली. मग म्हणाले, "बाई, तुमी जिम्मा घेतला म्हणते दादाजी." मी म्हटलं, "घेतला. लाज राखा." जरा कडकच झालं. गेले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सातला दादाजींचा फोन. मी उचलताना हात पुसला नाही, पीठ लागलं फोनला.

"बाई! एक शब्द नाई चुकला बुवा! हिरोईन दोनदा ब्लँक झाली, त्यानं असा शब्द फेकला की लोकाइले समजलंच नाई. तिसऱ्या अंकात तं बायका पदर लावून रडून राह्यल्या होत्या. पानं कशी पलटवत होता, टाईमशीर! मोठ्या अक्षराची कमाल हाये. बाकीच्या चार नाटकाइच्याबी प्रती तुमीच करा. पत्रूभाऊच बसन."

मी फक्त "बरं" म्हटलं. मग दोन चमचे साखर घालून चहा केला. एरवी घेत नाही.

लिनक्सबद्दल रंजीताला सांगितलं: चांगलं आहे. शिस्तीचं आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मंडळाच्या माणसाने प्रत आणून टाकली. प्रयोगात दोन वाक्यं बदलली, ती दुरुस्त करायची आहेत. पहिला अंक उघडला, दुसरा उघडला. तिसरा उघडला.

Hkkdj. पानोपानी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. सुनिलच्या मशीनवर माझा फाँट कुठून असणार?

सुनिलला फोन केला. म्हणे, "बाई, मी विचारलं ना त्याइले, हे असंच पाह्यजे का म्हणून. दोनतीन पानं डोळ्यापुढं धरली. पत्रूभाऊ म्हणे, हो, बराबर हाये."

जगातला कोणीही माणूस ही पानं वाचू शकला नसता. तरी एक शब्द चुकला नाही.

२९ ऑक्टोबर

पत्रूभाऊंना निरोप धाडला: पुढचं नाटक तपासायला रोज सकाळी नऊला या, वही आणायची गरज नाही. रंजीताला चंद्रपूरच्या डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. घशासाठी आलं आणून ठेवलं. प्रती सव्वीसच्या अक्षरातच छापणार. दादाजींना दिसायला हव्यात.