तुमच्या नावानं आलेली पत्रिका

श्री. बाळासो पाव्हणं यांस, साताऱ्याहून तुमचं दाजी, निवृत्त सुभेदार हंबीरराव यांचा कडक रामराम.

तिकडं सांगलीला द्राक्षबाग, गुडघं आन् वैनीसायबांचा राग, तिन्ही आटोक्यात आसतील आशी आशा हाय. आमी इकडं खुशाल, म्हंजी जीव हाय, अब्रू तेवढी दुरुस्तीला टाकलीया. पत्र हातानं लिवतोय, कारण कॉम्प्युटरचा डबाबी दुरुस्तीलाच हाय. आन् फोन करावा तर आमच्या वास्तुशांतीला फेटा बांधताना आमदाराच्या पीएचा नंबर तुमच्या आधी लागला, तवापासनं तुमी आमचा फोन उचलत न्हाई.

तर झालं आसं. पेन्शनच्या कामापायी मी ईमेल ठिवलाय. मागच्या सोमवारी त्यात तुमचं नाव झळकलं. खाली मजकूर, शुभविवाहाची पत्रिका सोबत जोडली आहे, उघडून पाहावी. कॉम्प्युटर बिचारा लाल पाटी धरून वरडत व्हता की फाइल धोक्याची हाय, उगडू नका. (सरहद्दीवर सुरुंगाची पाटी दिसली की मी अख्खी तुकडी थांबवायचो. पर तिथं तुमची बहीण मागं हुबी नसायची.) ती म्हणाली, “आवं, माज्या भावाची पत्रिका धोक्याची आसंल व्हय? इतक्या वर्सांनी त्येला आठवण झाली आन् तुमी पाट्या वाचत बसलाय!” आन् डोळ्याला पदर लावला. आता पाव्हण्याची पत्रिका न उगडता ठिवायची म्हंजी भर मांडवात पाठ फिरवल्यासारखं. उगडली. आत काईच न्हाई. तरी तिनं रीतीपरमानं पडद्याला हळदकुंकू लावलं आन् वर अक्षता टाकल्या. (त्यातल्या काई कीबोर्डात गेल्या, बटण दाबलं की कुरकुर वाजतंय.)

त्यो व्हायरस निघाला. दुरुस्तीवाला म्हणतो, आधी तुमच्याकडं घुसला, तुमच्या नावानं माज्याकडं आला आन् माज्या नावानं माज्या वळखीतल्या समद्यांकडं गेला. लगीन कुणाचं, कवा, कुटं, काई पत्ता न्हाई, पर हंबीररावाची पत्रिका म्हनल्यावर समद्यांनी उगडली. लाल पाटी एकानंबी वाचली न्हाई. उलट मलाच फोन, की आसं मशिनीवर आवतन देत्यात व्हय, घरी येऊन अक्षता द्यायला पाय दुखत्यात काय? ज्यांना गेली न्हाई ती तर जास्तीच रुसली. आमचं चुलतबंधू गुंडाआबा म्हणालं, “समद्या भावकीला धाडलीस, मी काय मेलो व्हतो?” त्यांचं मन मोडवंना, म्हणून डबा बंद पडायच्या आधी मी सोताच्या हातानं त्यांना धाडली. आता त्यांचंबी मशीन बंद हाय, पर आबा खूश हायत.

खरी आग लागली ती लोणंदला. आमच्या शिवांजलीचं तिथं जमत आलंय. दोघं एकमेकांच्या मनात भरल्यात, निस्ती सुपारी फुटायची बाकी. नेमकी त्यांच्याकडंबी पत्रिका गेली. मुलाचं वडील तापलं, की सुपारीच्या आधीच पोरगी दुसरीकडं दिली व्हय? मी व्हायरसचं सांगितलं, तर म्हणालं, सुभेदारसायब, लष्करातल्या माणसानं आसल्या सबबी सांगू नयेत. पोरगी नीट जेवत न्हाई. लय वाईट वाटतंय, पाव्हणं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की पत्रिका मामाकडनं आली म्हणताय, तर मामानंच रविवारी सुपारीला येऊन भरल्या बैठकीत सांगावं, की पत्रिका खोटी व्हती.

थोरांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आन् तुमी फोन उचलावा.

तुमचं दाजी,
हंबीरराव

ता. क. रविवारी पयला फेटा तुमालाच. पीएला बोलावलेलं न्हाई. (त्येला पत्रिका मातर गेलीया.)

ता. क. दुसरा. लोणंदकरांना सांगा, “पत्रिका मी धाडलीच न्हाई.” आन् तुमच्या बहिणीला सांगा, “मीच धाडली.” ती म्हणती, आपल्याकडनं गेला त्यो व्हायरस, पर माज्या भावाची पत्रिका खरी. भावानं आठवण काढली म्हणून अख्ख्या आळीला सांगत सुटलीया, पडद्यावरचं कुंकू पुसू देत न्हाई. तिला खरं सांगायची माजी छाती न्हाई. बैठकीत दोन्ही पार्ट्या समोरच बसणार हायत, तवा तेवढं तुमी बघा.

ता. क. तिसरा. न्हाईतर रविवारच्या आधी तिला खरंच दोन वळी लिवा. पोस्टानं लिवा, ईमेलनं नको. पर ईमेलनं जरी आली, तरी ती उगडायला लावणारच.