सुजीच्या डोक्यावरचा शनी

५ जाने. ७५, रविवार. केनवड
सूर्य वाळला एकदाचा. मातीच्या लोटक्यावर कागदाचा लगदा थापून केलाय. लगद्यात मेथ्या वाटून घातल्या, त्यामुळे चीर नाही. बायका टोपल्यांना करतात ती युक्ती, सुनेनं, शांतानं शिकवली. नऊ ग्रह सुपात ठेवलेत. शांता म्हणते, “मामाजी, हे लाडू कोनाच्या लग्नाचे?”

सगळा खटाटोप सुजीसाठी. पोत्यांच्या खोलीत तिची खाट टाकली, पण कंदील मालवला की नात रडते. तिसरीतलं पोर. पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र दाखवून म्हणाली, हे माह्या खाटेवर टांगून द्या, अन् अंधारात दिसलं पाह्यजे. अंधारात कसं दिसावं, ते काही तिनं सांगितलं नाही.

८ जाने., बुध.
एस.टी.नं रिसोड. करीमभाई घड्याळवाल्याकडे काट्यांना लावायची चमकणारी भुकटी आहे. जुन्यातली रेडियमची नव्हे, नवी. दिवसा उन्हात ठेवायची, मग अंधारात उजळते. ग्रह कशाला म्हणून विचारलं, सांगितलं. म्हणाला, “आबा, राहू-केतू का क्या हुआ?” म्हटलं, ते आम्ही बाकीच्या देवांबरोबर पैनगंगेत सोडले, धर्म बदलला तेव्हाच. पोट धरून हसला. पुडी दिली, पैसे घेईना. पोरगी झोपली का ते येऊन सांगा, तेच पैसे, म्हणाला.

११ जाने., शनि.
बाभळीच्या डिंकात भुकटी कालवून लावली. दिवसभर गोळे अंगणात. कोंबड्या हाकलता हाकलता मान मोडली. शनीच्या कड्याला शांतानं स्वतःची बांगडी दिली. संध्याकाळी टांगले.

कंदील सुजीनंच मालवला. आपल्या हातानं. मग हिरवट उजेडात सगळे हळूहळू उमलले. शनी बरोबर डोक्यावर पाहिजे, त्याले बांगडी हाये, असा हट्ट. दिला तिथंच.

शांता दारात उभी. पदर डोळ्याला लावला. आज बरं वाटलं. फार दिवसांनी काही धड हातून झालं.

१२ जाने.
गल्लीतली पोरं पाहायला. एकेक ग्रह काठीनं दाखवून सांगितलं. विहारातही बोललो, ग्रह म्हणजे दगडमातीचे, वायूचे गोळे, ते कोणाच्या राशीला बसत नाहीत, बसायला त्यांना जागा कुठली. लोक हसले. मान जरा ताठच झाली होती, खरं लिहायचं तर.

१८ जाने., शनि.
शेजारच्या गोदाबाई आल्या. हातात तेलाची वाटी, चार उडीद. शनिवार आहे, घरात शनी लावला तर तेल नको का? पोरं बसलेली होती. म्हटलं, “गोदाबाई, याच्या पोटात रद्दी हाये. रद्दीले तेल पाजता का?” पोरं खिदळली. बाईचं तोंड एवढंसं झालं. जाताना म्हणाल्या, “तुमी शिकले-सवरले. पन लेकराच्या डोक्यावर नोका टांगू, एवढंच सांगनं हाये.”

इतकं लागट बोलायला नको होतं. वाटी झाकून गेल्या बिचाऱ्या.

२४ जाने., शुक्र.
सुजीला ताप. काल थंडी वाजली, आज अंग तव्यासारखं. रिसोडचे डॉक्टर म्हणतात, मुदतीचा ताप, टायफॉइड. गोळ्या दिल्या. पेज, उकळलेलं पाणी. मुलगा एस.टी.च्या ड्युटीवर, बस पुसदकडे. निरोप धाडला.

२६ जाने.
उतरत नाही. खात नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडायला वेळ लागतो, धीर धरा. धीर म्हणे. धीर काय बाजारात मिळतो.

२७ जाने., सोम.
दुपारी बडबडली. शाळेतल्या कोणाशी तरी भांडत होती. शांता पाण्याला गेलेली. मी उशाशी. वर पाहिलं, तर तो बरोबर तिच्या कपाळावर. वाऱ्यानं हलत होता, दुसरं काही नाही. मला माहीत आहे दुसरं काही नाही.

स्टूल घेतलं. गाठ सोडली. शनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून पेटीत, खाली, घोंगडीखाली.

शांता आली तेव्हा मी कपाळावर पट्टी बदलत होतो.



२८ जाने.
सुजीला थोडी शुद्ध. वर पाहून म्हणे, “आबा, शनी कुठं गेला?” म्हटलं, दोरा तुटला बेटा, पडला, कडं निखळलं, दुरुस्त करून राह्यलो. बरं, म्हणाली. मिटले डोळे.

दगडमातीचे गोळे म्हणे. अन् मी.

३० जाने.
ताप उतरला! घाम फुटला, भात मागितला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांना यश आलं, पण आठवडाभर जपा, हा ताप उलटतो.

गोळ्यांनीच. गोळ्यांनीच उतरला.

३१ जाने., शुक्र.
गोदाबाई सुजीला पाहायला आल्या. वर नजर टाकली. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता टोमणा मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, “बरं केलं आबाजी, उतरवला. गुन आला पाहा.” अन् पदराखालून लेकराला लिंबू दिलं.

नाही म्हणता आलं नाही. दोरा तुटला, हेही बाईपुढं तोंडातून निघेना. आता सबंध गल्लीत झालंय, आबानंसुद्धा शनी उतरवला. विहाराकडून जायचं टाळलं. रस्ता बदलून गेलो, या वयात, चोरासारखा.

२ फेब्रु., रवि.
पेटीतून काढला. मरगळलेला, उजेड नाही. अंगणात सुपात ठेवला. सुजी घोंगडी पांघरून उन्हात बसलेली.

“आबा, त्याले ऊन पाजून राह्यले?”

हो म्हटलं.

बांगडीवर बोट फिरवत बसली. मग, माझ्याकडे न पाहता, “दोरा तुटला नोता. तुमी गाठ सोडली. मी जागीच होती.”

सहा दिवस पोटात ठेवलं पोरीनं. आईला नाही, बापाला नाही. मी तिला सांगितलेलं सगळं, राशी-बिशी झूठ, तिनं पोरांना सांगितलेलं. त्याच तोंडानं विचारलं, “तुमाले भेव वाटलं काय?”

आलं होतं ओठावर, तुझ्यासाठी वाटलं. पण ती पळवाट झाली असती. म्हटलं, हो. वाटलं.

“मलेही अंधाराचं वाटे,” म्हणाली. “आज टांगून द्या. तिथंच.”

अन् माझा हात धरला. तळवा गरम लागला. उन्हात बसली म्हणून असेल. सकाळपासून उन्हातच आहे.

दिवस कलला. स्टूल खाटेपाशी मांडलं आहे. सुजी आत पडून वाट पाहते, दोनदा हाक मारली. शनी मांडीवर, दोरा बोटाला गुंडाळलेला. थर्मामीटर अजून लावलं नाही. आधी ताप पाहावा की शनी टांगावा, ते