बाबांच्या कड्यावरची साद

प्रिय आई,

मंगळवारी पहाटे शिकारीसाठी मी बाबांसारखीच कड्यावरून नर एल्क हरणाच्या आवाजात साद घातली. लांडग्यांच्या भीतीने ही हरणं आता मुकी झालीत, तरी एकाने उत्तर दिलं. आम्ही पोहोचेपर्यंत लांडग्यांनी त्याला फाडलं होतं.

"वर्न, लेका, जेवणाची घंटाच वाजवलीस की त्यांच्यासाठी!" सोबत आलेला म्हातारा हार्लन म्हणाला. मला हसू आलं नाही. त्या मुक्याला बोलतं मीच केलं होतं. तिथेच टोपी काढून प्रार्थना केली.

मी धडधाकट आहे. तुझा गुडघा कसा आहे? यंदा मांस नाही. घेवड्यावर हिवाळा काढू. लांडग्यांवर राग नाही, त्यांनाही पिल्लं आहेत.

शिकार सोडावी, हे तीन वर्षं मनात होतं. काल कड्यावरचा बाबांचा शिकारीचा तंबू कायमचा उतरवला.

तुझा,
वर्न