गादी तेवढी राहू दे

मंगळवार, संध्याकाळ. मालाड.

वादळ आज रात्री येतंय म्हणे. आमची शिडाची बोट खाडीत नांगरलेली. सकाळपासून मी आणि संदीपने दोन्ही शिडं उतरवली, आणखी एक नांगर टाकला, दोर घासतो तिथे सासूबाईंच्या जुन्या साड्या गुंडाळल्या. डबे, शेगडी, नकाशे, सगळं घरी आणलं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

गादी तेवढी बोटीवर राहिली. "राहू दे गं, भिजली तर भिजली," संदीप म्हणाला. चमचेसुद्धा आठवणीने उतरवणारा माणूस! मग गादीच का राहू दे?

भाजी चिरताना डोक्यात प्रकाश पडला. हा वादळात बोटीवर झोपणार. दोर तुटला तर एकटा काय करणार, कप्पाळ? बोट दुसरी घेता येते, एवढं कळत नाही याला? की बोट माझ्यापेक्षा... जाऊ दे.

बोटीपर्यंत जायच्या छोट्या होडीची वल्ही उचलली आणि शेजारच्या वहिनींकडे ठेवून आले.

आत्ता विचारतोय, "वल्ही कुठेयत गं?"

म्हटलं, "आधी सांग, गादी कुठेय?"

मी हे लिहितेय आणि तो दारात उभा आहे. खांद्यावरची बॅग अजून खाली ठेवलेली नाही.