पत्र्यावरचा नवस

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे सान हासिंतोला! ताई, मी, दोन ट्रंका, माझी रंगांची पेटी आणि ताईचा तवा. तवा कशाला ओढून आणलास म्हटलं, तर म्हणाली, परक्याच्या तव्यावर तोर्तिया फुगत नाही. अडुसष्टाव्या वर्षी मला काम मिळावं आणि एकाहत्तराव्या वर्षी हिनं माझ्यामागे पोळ्या भाजायला यावं! देवाची करणी आणि नारळात पाणी. आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं, आता शेवटची काही वर्षं तरी हिला सुखात ठेवायची, एवढीच इच्छा.

खोली तीर्थमंदिराच्या ओवरीत मिळाली. खिडकीतून गुलाबी दगडाचा घुमट दिसतो. गावच्या गाव आता संरक्षित वारसा. भिंतीत खिळा ठोकायचा तरी खात्याची सही लागते. खात्याच्या ओदेतबाई कामाची यादी देऊन गेल्या. नवसाचे चाळीस जुने पत्रे. प्रत्येकावर एकेक संकट चितारलेलं, वर ढगात खांबाला बांधलेला प्रभू, खाली पट्टीत आभाराचे चार शब्द. ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी सगळ्यांचे रंग उजळायचे. असलेच पत्रे रंगवण्यात माझा जन्म गेलाय. डाव्या हाताचा मळ!

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून कामाला बसलो. किल्ल्या सांभाळणारे क्रिस्पीनबाबा दारात उभे राहून कुरकुरत होते. या गावात नवसाच्या पत्र्याला कुणी हात लावत नाही म्हणे, गंजून गळून पडला तरी. मी म्हटलं, बाबा, सरकारी सही आहे. त्यावर म्हणाले, “सही ओदेतबाईंची, उस्ताद. हात तुमचा.” म्हातारा तिरसट आहे, पण ताईनं दिलेला घेवडा दोनदा मागून खाल्ला.

माझी रीत जुनीच. चित्र आधी, अक्षरं शेवटी. शाळेच्या तीन इयत्ता झालेल्या; अक्षरांची धास्ती वाटते, म्हणून ती मागे टाकतो. पहिला पत्रा परांचीवरून पडणाऱ्या गवंड्याचा, १९३१ सालचा. पट्टी धड होती, नाव वाचता आलं.

८ मार्च, शनिवार

आणखी दोन चित्रं झाली. एक तव्याजवळ झगा पेटलेल्या बाईचं. दुसरं खाटेवरच्या लहान पोरीचं, गळा सुजलेला, बाजूला गुडघे टेकलेली आई. या पत्र्याची पट्टी गंजानं पार झाकली आहे. पोरीच्या गालावर तापाची लाली अशी उतरली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ताई म्हणाली, पोर आजारी आहे की लग्नाला निघाली?

हसत होतो तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. घुमटाची डागडुजी करणारा नाबोर परांचीवरून पडला. जागीच गेला.

पत्र्यावरच्या गवंड्याचा तो नातू.

११ मार्च, मंगळवार

नाबोरला पोचवून आलो. वाटेत क्रिस्पीनबाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पत्र्यावरचा रंग उडतो तसतसं संकट विरत जातं, म्हणून आम्ही ते विरू देतो. रंग ताजा झाला की संकटही ताजं. ज्याचं आहे तो हयात असेल तर त्याच्यावर, नसेल तर त्याच्या रक्तावर. मी म्हटलं, मग वरचा प्रभू वाचवील की, पूर्वी वाचवलं तसं. तर म्हातारा म्हणतो, “तो नवस फिटला, उस्ताद. त्याच नवसावर दुसऱ्यांदा कोण येतो?”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मनाला समजावलं. ब्रश मात्र हातात घेतला नाही.

१३ मार्च, गुरुवार

फाटकापाशी तोर्तिया विकणारी एलोदिया. भर दुपारी झगा पेटला. मी धावलो, ताईनं घोंगडी टाकली. उपयोग झाला नाही. पत्र्यावरची बाई तिची आजी, क्रिस्पीनबाबांनी सांगितलं.

ओदेतबाईंना सांगितलं. म्हणाल्या, उन्हाचं डोक्यात गेलंय तुमच्या, दोन दिवस विश्रांती घ्या.

तिसरा पत्रा. पोरीचा. कुणाची ती? जिवंत असेल तर तिला सावध करायला हवं. उद्या पट्टी साफ करतो.

१४ मार्च, शुक्रवार

जवसाच्या तेलात कापूस भिजवून तीन तास गंज काढत होतो. क्रिस्पीनबाबा दिवा धरून. एकेक अक्षर वर आलं —

“मी, प्रिस्किला आगुंदेस, खांबाच्या प्रभूची ऋणी. माझी मुलगी इलारिया, वय सहा, घटसर्पानं गळा बंद होऊन मरणाच्या दारी होती, ती वाचली. १९४९.”

आमची आई. ती इथवर चालत आली होती, हे कधी बोलली नाही.

इलारिया म्हणजे ताई.

१५ मार्च

ताईचा आवाज बसला. म्हणते, तुझ्या टर्पेंटाइनचा वास, दुसरं काही नाही.

तिला सांगितलं नाही. पत्रा घासतोय. बाकी सगळा रंग सुटतो. गालाची लाली सुटत नाही. सुरीनं खरवडली. पत्र्यालाच लाल डाग —

१६ मार्च

डॉक्टर म्हणतात, गळा स्वच्छ आहे, काही दिसत नाही. इंजेक्शन दिलं. मक्याची पेज गिळवत नाही तिला. श्वासाला शीळ. तशातही मला खुणेनं म्हणाली, तू जेव.

बाबांच्या पाया पडलो. म्हणाले, जे उजळलं ते पुसत नाही. ते कुणावर तरी —

१७ मार्च, सकाळ

रक्तावर. बाबांनीच सांगितलं होतं. माझंही तेच रक्त.

लालीला हात लावणार नाही. तिच्याभोवती दुसरा चेहरा काढतो. माझं टक्कल, माझ्या पांढऱ्या मिशा. पोरीच्या जागी म्हातारा. बाबा हात धरायला आले. म्हटलं, सोडा बाबा, माझंच काम आहे हे.

१७, दुपार

झालं. चेहरा हुबेहूब. ताई उठून बसली! पेज मागितली, वर मीठ कमी म्हणून ओरडली. स्वच्छ, खणखणीत आवाजात.

मला थोडं — कॉलर घट्ट वाटते. कॉलर नाही घातलेली.

पट्टी लिहायची राहिली. आधी इथे कच्चं लिहून बघतो.

मी, आमादोर, खांबाच्या प्रभूचा ऋणी. माझी बहीण इलारिया, वय एकाहत्तर, मरणाच्या दारातून परत आली. हे तिला कुणी सांगू नये. ती रागावेल. तिला म्हणावं, आमादोर खुशीनं —

शीळ ऐकू येते. ताई तर तिकडे हसतेय, मग ही —

मी, आमादोर, खुशीनं, माझ्या ता