व्याह्यांसाठी इंग्रजी

३ जानेवारी, सकाळ
धुकं. दफ्तरात उशिरा गेलं तरी चालेल, साहेबही उशिराच येतात.
नचिकेतचा नोएडाहून फोन. त्याच्या ऑफिसातली जाई त्याला पसंत आहे. मराठी, साताऱ्याची. आई नाही. वडील शशिकांतराव एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले. महिनाअखेर बापलेक आमचं घर बघायला झाशीला येणार. चिरंजीव फोनवर चक्क हसत होते. एरवी 'हूं'च्या पुढे जात नाहीत.
निर्णय घेतला: पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलायचं. मुलगी अमेरिकन कंपनीत आहे, घराचं स्टँडर्ड दिसलं पाहिजे. पुण्याला भाच्याच्या, हृषीकेशच्या मुंजीत एक बाई मला म्हणाल्या होत्या, 'अय्या, मराठी छान बोलता हो तुम्ही!' त्याचा या निर्णयाशी काहीएक संबंध नाही. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इथे आले, तेव्हा त्या बाईंचे पूर्वज काय करत होते, देव जाणे. विषय संपला.

४ जानेवारी
इंग्रजी मला येतंच. बडा बाबू आहे, हयात साहेबांपुढे फायली 'पुट अप' करण्यात गेली. फक्त फ्रेजल व्हर्ब जरा कच्चे आहेत. यूट्यूबवरचा मास्तर म्हणतो, खरं इंग्रजी तेच. साधं क्रियापद घ्यायचं, मागे अप, ऑफ, आउट, ओव्हर असं एखादं शेपूट लावायचं. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. पण गिव्ह अप म्हणजे वर देणे नव्हे, नाद सोडणे. गंमत आहे.
संकल्प: रोज दहा.

७ जानेवारी
थंडी फार. तीन दिवसांचे एकदम उद्या.

८ जानेवारी
'गेट' घेतलं. एकटं असताना गरीब वाटतं. मागे अप आलं की उठतं, ओव्हर आलं की दुःख विसरतं, अवे आलं की पळतं. एकाच माणसाने इतकी सोंगं करावीत? आपल्या मराठीत असले शेपटांचे चाळे नाहीत. आपलं सगळं सरळ. वैताग आला की वही फेकून द्यावी, चहा पिऊन घ्यावा आणि गप्प पडून राहावं. तसंच करून टाकलं.

११ जानेवारी
नवी पद्धत. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दिव्याच्या बटणावर 'स्विच ऑन', चपलांजवळ 'टेक ऑफ', जिन्यावर 'कम अप'. प्रमोदिनीने 'पोर ओव्हर'ची चिठ्ठी काढून हिंगाच्या डबीला लावली, झाकण सैल झालंय, हिंग सांडतो म्हणे. बायकोचं सहकार्य असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

१४ जानेवारी
दूधवाल्यावर प्रयोग. त्याला म्हटलं, 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.' तो घाबरून म्हणाला, 'को भग गओ, बाबूजी?' आमच्या प्रेमनगर मोहल्ल्यात संध्याकाळपर्यंत आमच्याकडून कोण पळालं याची चौकशी चालू होती. दोन बायका प्रमोदिनीला धीर द्यायला येऊन गेल्या.
लोकांची पातळीच नाही.

१७ जानेवारी
दफ्तरात नोटशीटवर लिहिलं: 'साहेबांना पुट अप विथ करण्यात येत आहे.' 'विथ' मी शोभेसाठी जोडलं होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं की पुट अप विथ म्हणजे सहन करणे. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. विचारात पडले असावेत. इंग्रजीचा प्रभाव पडतोच.

२३ जानेवारी
पाहुणे परवा. संकल्पाच्या मानाने थोडं मागे आहे, पण मुख्य मुख्य आलेत. प्रमोदिनीला बजावलं: तू बोलायचं नाहीस. तिची मराठी वाईट नाही, पण मध्येच 'भैया, और लो ना' सुरू होतं. शिवाय ते फडताळ काय, तबक काय, असले जुनेपुराणे शब्द. पाहुणे म्हणतील, कुठल्या जमान्यात आलो. तिने विचारलं, मग मी तोंड धरून बसू का? तिला 'वेलकम' आणि 'थँक यू' शिकवलं. ती फार चमत्कारिक बघत होती.

२५ जानेवारी, संध्याकाळ
पाहुणे येऊन गेले. यश.
धुक्यामुळे गाडी लेट. मी सकाळपासून गच्चीतून रस्त्याकडे पाहत उभा होतो. ते जिना चढून आले तसं तयार वाक्य टाकलं: 'वी हॅव बीन लुकिंग डाउन ऑन यू सिन्स मॉर्निंग.' जाईला जोराचा ठसका लागला. प्रवासात घसा कोरडा पडला असणार. शशिकांतराव 'थँक यू' म्हणाले. भला माणूस. पेढे आणले होते.
बसल्यावर ते 'प्रवास तसा बरा झाला' असं काहीतरी सुरू करत होते. मी अडवलं. म्हटलं, 'नो फॉर्मॅलिटी, इंग्लिश इज ओके.' मग ते बोललेच नाहीत. एकदा हळूच म्हणाले, 'वहिनी, पाणी मिळेल का?' प्रमोदिनीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'वेलकम.' पाणी बऱ्याच वेळाने आलं.
बाकी सर्व वेळ मीच बोललो. निघताना शशिकांतरावांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

२८ जानेवारी
नचिकेतचा फोन. शशिकांतराव नको म्हणताहेत. माणसं चांगली आहेत, पण बायको गेल्यापासून घर खायला उठतं, मुलगी दिल्यावर चार शब्द बोलायला व्याही तरी असावेत. आणि त्या घरात आपली भाषाच कोणी बोलत नाही, असं जाईला म्हणाले.
नचिकेत मला एवढं कधी बोलला नव्हता. म्हणाला, 'बाबा, आपको अपनी मराठी से शर्म आती है. उसकी सज़ा मुझे क्यों?' आणि फोन ठेवून दिला.
लाज हा शब्द चुकीचा आहे. योग्य शब्द आत्ता सुचत नाही. जेवलो नाही. पोराचं काही बिनसलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही.

३० जानेवारी
प्रमोदिनीने मला न विचारता साताऱ्याला फोन लावला. मी दाराआड होतो, काही कामासाठी. तिने आपली तीच मराठी लावली, 'जी', 'भैया' आणि फडताळासकट. पलीकडून हसण्याचा आवाज. 'तबक' हा शब्द शशिकांतरावांच्या आई वापरायच्या म्हणे, नंतर त्यांनी तो ऐकलाच नव्हता. खूप वेळ बोलणं चाललं.
लग्न ठरलं! साखरपुडा आमच्याकडे.
माझ्या इंग्रजीचा खुलासा तिने असा केला: 'अहो, ह्यांना मराठी समजतं सगळं, पण बोलता नाही येत. संकोचतात बिचारे.' शशिकांतरावांना फार वाईट वाटलं. म्हणाले, त्यांना कोणी आग्रह करू नका.

३१ जानेवारी
निषेध नोंदवला. मला मराठी येत नाही? पुरावा म्हणून ही रोजनिशी साताऱ्याला पाठवावी असं ठरवलं. मग मागची पानं वाचली. नको.
नचिकेतचं म्हणणं, आता साखरपुड्यात मराठीचा एक शब्द काढू नका, आई खोटी पडेल. त्याच्या आवाजात पुन्हा हसू होतं, म्हणून मोठ्या मनाने कबूल झालो.

२२ फेब्रुवारी, दुपार
साखरपुडा पार पडला. जाई गोड मुलगी आहे. आतल्या खोलीत सगळे मराठीत बोलताहेत, हसताहेत. प्रमोदिनीचा आवाज सर्वांत वर.
बाहेरच्या खोलीत शशिकांतराव आणि मी. मला एकटं वाटू नये म्हणून ते मुद्दाम माझ्या पंगतीला बसले. माझ्यासाठी त्यांनी जाईकडून इंग्रजी वाक्यं शिकून घेतली होती, खिशातून कागद काढून हळूहळू म्हणत होते. हवेबद्दल झालं, गाडीबद्दल झालं. मग दोघांचंही इंग्रजी संपलं.
त्यांनी कागद खिशात ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, 'प्लीज लुक आफ्टर माय डॉटर. शी हॅज नो मदर.' त्यांचे डोळे भरले होते.
मला सांगायचं होतं की शशिकांतराव, निश्चिंत राहा, ती आमची लेक आहे, तुम्हीही हवे तेव्हा या, महिना महिना राहा, आपण खूप बोलू. सगळं ओठांवर आलं होतं. मराठीत. आतून नचिकेत माझ्याकडे बघत होता.
त्यांच्या ताटात अर्धी सांजोरी राहिली होती. मी ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणालो, 'ईट अप.'
त्यांनी मान हलवली आणि मुकाट्याने खाल्ली.