तिसरी बरणी

कॅरल,

आज परत बाहेरून कुलूप लावून वालीवला कामाला गेलीस. एकदा चुकून नालासोपाऱ्याला पोचलो, म्हणून बापाला असं कोंडतात?

नुसतं बसून काय करू? नाताळासाठी तुझी ममा करायची तशी लिंबाची लिकर घातली. साल पातळ काढली, पांढरं येऊ दिलं नाही, नाहीतर कडू होते. आता वोडकात चाळीस दिवस मुरायची, रोज हलवायची. म्हटलं, एवढं सांभाळणाऱ्या माणसाला कुलूप कशाला?

मग बरणी ठेवायला कपाट उघडलं. आत तशाच दोन बरण्या आधीच होत्या. दोन्हींवर याच आठवड्यातली तारीख, माझ्याच अक्षरात.

मी जरा पडतो. कुलूप राहू दे. बरण्या मात्र आठवणीनं तूच हलव.

पप्पा